पानं आधी मोजा, मजकूर नंतर मागवा: शाळेच्या वाङ्मय मंडळाचा छापील अंक कसा काढावा

वाङ्मय मंडळाचा अंक रखडतो तो बहुतेक वेळा कामं उलट्या क्रमाने केल्यामुळे. आधी ‘साहित्य द्या’ अशी सूचना लागते. ढीगभर कविता जमतात. मग पानं किती हे ठरतं, त्यानंतर खर्च कळतो, आणि विद्यार्थी मंडळाकडे मागणी जाते तोवर वर्षाचा निधी दुसऱ्या कार्यक्रमांत संपलेला असतो. मग कथा कापल्या जातात, मुलं नाराज होतात आणि घाईघाईत छापलेल्या मुखपृष्ठावर मंडळाचंच नाव चुकतं.

पुढचा क्रम ३२ पानी, ए-५ आकाराचा, काळ्या शाईतला, १५० प्रतींचा अंक गृहीत धरून दिला आहे. तुमची पानं किंवा प्रती वेगळ्या असतील तर आकडे बदला, पण टप्पे पुढे-मागे करू नका.

टप्पा १: प्रकाशनाच्या तारखेपासून मागे मोजा

एकूण १२ आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात डमी (अंकाची कोरी नमुना वही) आणि मंजुरी, दुसऱ्यात आवाहन, तिसऱ्या ते पाचव्यात साहित्य स्वीकारणं, सहाव्यात निवड, सातव्या-आठव्यात संपादन, नवव्यात मांडणी, दहाव्यात मुद्रितशोधन (छापील नमुन्यातल्या चुका शोधणं), अकराव्यात छपाई, बाराव्यात घडी, शिलाई आणि वाटप.

आता शाळेचं वेळापत्रक शेजारी ठेवा. निवड आणि मुद्रितशोधन हे दोन आठवडे परीक्षेत येत असतील तर प्रकाशनाची तारीख हलवा. परीक्षेच्या काळात साहित्य स्वीकारणं चालू राहू शकतं, कारण लिहिणारे खूप असतात. वाचणारे आणि तपासणारे मात्र पाच-सहाच जण असतात, आणि त्यांचाही अभ्यास असतो.

टप्पा २: डमी तयार करा

ए-४ आकाराचे आठ कोरे कागद घ्या, एकावर एक ठेवून मधोमध दुमडा आणि घडीवर एक पिन मारा. ही ३२ पानांची वही म्हणजे तुमची डमी. पेन्सिलीने प्रत्येक पानावर क्रमांक घाला. एका कागदाची चार पानं होतात, म्हणून अंकाची पानं नेहमी चारच्या पटीत असतात: २८, ३२, ३६. एकतीस किंवा तेहतीस पानांचा अंक निघत नाही. शेवटच्या दिवशी ‘फक्त एक पान वाढवू या’ म्हणणाऱ्याला ही डमीच दाखवावी.

पिन काढून सगळ्यांत बाहेरचा कागद उघडून पाहा. एका बाजूला ३२ आणि १ ही पानं शेजारी दिसतील, मागच्या बाजूला २ आणि ३१. सगळ्यांत आतल्या कागदावर १६ आणि १७. कोणत्याही कागदाच्या कोणत्याही बाजूवरच्या दोन पानांची बेरीज ३३ येते, म्हणजे एकूण पानं अधिक एक. छपाईच्या वेळी पानं बरोबर लागली की नाही हे तपासायला ही बेरीज उपयोगी पडते.

मग पानं वाटा. एक नमुना असा: १ शीर्षकपान, २ श्रेयनामावली, ३ अनुक्रमणिका, ४ संपादकीय. ५ ते ३० ही २६ पानं साहित्याची, त्यांत दोन कथा प्रत्येकी चार पानं, चार लेख प्रत्येकी दोन, सहा कविता प्रत्येकी एक, एक मुलाखत तीन पानं आणि एक पान चित्राला. ३१ वर विद्यार्थी मंडळाचा वर्षाचा वृत्तान्त. ३२ राखीव. ते राखीव पान आधीच कोणाला कबूल करू नका. संपादनात एखादा लेख लांबतोच, तेव्हा ते लागतं.

दोन समोरासमोरच्या पानांवर पसरलेलं चित्र हवं असेल तर ते १६-१७ वरच घ्या. फक्त तिथेच दोन्ही पानं एकाच कागदावर असतात. इतरत्र चित्राचे दोन अर्धे वेगवेगळ्या कागदांवर छापले जातात आणि मधोमध जुळत नाहीत.

शब्दमर्यादा याच डमीतून काढायची. १२ पॉइंट अक्षर, १८ पॉइंट ओळ (म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर), वर १५ मिलिमीटर, खाली २०, आतल्या बाजूला १८ आणि बाहेर १२ असे समास ठेवले तर ए-५ पानावर साधारण २७ ओळी आणि २०० ते २२० शब्द बसतात. अंदाजावर विसंबू नका. एक पान खरंच टाइप करून छापा आणि शब्द मोजा. शीर्षकाची जागा वजा केली की चार पानी कथेला ७५० शब्द, दोन पानी लेखाला ३५० आणि एका पानाच्या कवितेला कडव्यांमधल्या रिकाम्या जागा धरून २० ओळी मिळतात.

तपासा: डमीतल्या प्रत्येक पानावर काहीतरी लिहिलेलं आहे ना? ‘बघू नंतर’ असं एकही पान नको.

टप्पा ३: विद्यार्थी मंडळाची मंजुरी लेखी घ्या

विद्यार्थी मंडळाच्या बैठकीत जाताना डमी आणि एक पानाची मागणी, दोन्ही न्या. मागणीत रकमेआधी कागदाचा हिशोब मांडा. ८ कागद गुणिले १५० प्रती म्हणजे १२०० कागद. खराब होणाऱ्यांसाठी ५ टक्के, म्हणजे ६० आणखी. एकूण १२६०, म्हणजे ५०० कागदांचे तीन रीम. मुखपृष्ठासाठी २०० ते २५० जीएसएमचे (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन असलेले) १६० जाड कागद. छापायच्या बाजू १६ गुणिले १५०, म्हणजे २४००, शिवाय मुखपृष्ठाच्या १५०. खर्च या बाजूंच्या संख्येवर ठरतो. मंडळे फक्त कागद मोजतात आणि बाजू मोजायच्या विसरतात, तिथेच अंदाजपत्रक कोलमडतं.

बैठकीच्या इतिवृत्तात तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: मंजूर रक्कम, खर्चावर सह्या करणारे दोघे (एक विद्यार्थी, एक मार्गदर्शक शिक्षक) आणि मजकुराचा अंतिम निर्णय कोणाचा. तिसरी गोष्ट हमखास राहून जाते. पैसे विद्यार्थी मंडळ देतं, म्हणून मजकूरही आपण ठरवणार असं प्रतिनिधींना वाटू लागतं. निवड संपादक मंडळ करेल, मुख्याध्यापकांकडे जाण्याआधी मार्गदर्शक शिक्षक वाचतील आणि विद्यार्थी मंडळाकडे ३१ व्या पानाची जबाबदारी असेल, असं तेव्हाच लिहून ठेवलं की पुढचे कितीतरी वाद टळतात.

सावध: तोंडी होकारावर आवाहन लावू नका. मंजुरी मिळेपर्यंत अंक कागदावरच आहे.

टप्पा ४: आवाहन नेमकं लिहा

‘कोणत्याही विषयावर दर्जेदार साहित्य पाठवा’ हे आवाहन निरुपयोगी. त्यावर पाऊस, आई आणि मैत्री या तीन विषयांवरच्या कविता येतात आणि लेख एकही येत नाही. प्रकारागणिक वेगळी मागणी करा आणि हात धरून वाट दाखवा. लेखासाठी ‘शाळेत रोज दिसणारी पण कोणी न पाहिलेली एक जागा: तिथे सकाळी काय चालतं, दुपारी काय, आवाज कोणते, माणसं कोण’ असं सांगितलं तर ज्याने कधी लिहिलं नाही तोही बसून अर्धं पान लिहितो. अंकातली खरी ताजी पानं अशा मुलांकडूनच येतात. म्हणून आवाहनावर घालवलेला एक तास वाया गेला असं समजू नका.

आवाहनात एवढं हवं:

१. प्रकार आणि शब्दमर्यादा (७५० / ३५० / २० ओळी).
२. एका विद्यार्थ्याचं जास्तीत जास्त दोन प्रकारचं साहित्य स्वीकारलं जाईल, छापलं एकच जाईल.
३. नाव, इयत्ता, तुकडी वेगळ्या चिठ्ठीवर. साहित्याच्या पानावर नाव नको.
४. पहिला कच्चा खर्डा जपून ठेवा, मागितला जाईल.
५. शेवटची तारीख, वेळ आणि कोणाच्या हातात द्यायचं त्याचं पद.

चित्रं मागताना सांगा: पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने. पेन्सिलीच्या फिकट रेषा काळ्या-पांढऱ्या छपाईत उडतात आणि पिवळा रंग तर दिसतच नाही.

सूचनाफलकावर लावून थांबू नका. वर्गप्रतिनिधींनी प्रत्येक वर्गात ते मोठ्याने वाचून दाखवायचं. विद्यार्थी मंडळाचा हात इथे सगळ्यांत जास्त लागतो.

टप्पा ५: नोंद आणि निवड

आलेलं प्रत्येक साहित्य त्याच दिवशी नोंदवहीत चढवा: अनुक्रमांक, मिळाल्याची तारीख, प्रकार, शीर्षक, लेखक. साहित्याच्या पानावर फक्त अनुक्रमांक घाला. नोंदवही कार्यवाहाकडे राहील आणि कार्यवाह गुण देणार नाही. वाचकांपर्यंत नाव पोचताच कामा नये. वक्तृत्वात नेहमी पहिला येणाऱ्या मुलाची साधारण कविताही नाव पाहिलं की बरी वाटू लागते.

प्रत्येक साहित्य दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचं. गुण तीन गोष्टींना, प्रत्येकी पाच: स्वतःचं निरीक्षण किंवा कल्पना, भाषेची पकड, शेवटपर्यंत टिकलेली बांधणी. शुद्धलेखनाला इथे गुण देऊ नका, ते नंतर दुरुस्त होतं. दोन वाचकांत चार किंवा अधिक गुणांचा फरक पडला तर सरासरी काढू नका, तिसऱ्याला वाचायला द्या. एकाने १३ आणि दुसऱ्याने ६ दिलेली कविता बहुधा वेगळ्या वाटेने गेलेली असते, आणि सरासरीत तीच बाद होते.

संपादक मंडळातल्या कोणी लिहिलं असेल तर तो प्रकार त्याने वाचायचा नाही. संपादकांचं साहित्य एकूण किती छापायचं, उदाहरणार्थ चार पानांपेक्षा जास्त नको, हे पाकिटं उघडण्याआधी ठरवा.

निवडलेलं प्रत्येक साहित्य दुसऱ्या कुठून उचललेलं नाही ना, हे तपासा. सुरुवातीच्या दोन ओळी आणि मधली एक ओळ अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधा. शंका आली तर लेखकाला एकट्याला बोलावून कच्चा खर्डा मागा आणि ‘ही ओळ कशी सुचली?’ एवढंच विचारा. चार मुलांसमोर आरोप करू नका. संशय खोटा ठरला तर ते मूल पुन्हा लिहिणार नाही.

सावध: एखाद्या लिखाणात स्वतःला इजा करण्याचा, घरच्या मारहाणीचा किंवा असह्य एकटेपणाचा सूर दिसला तर ते गुणांकनात ठेवू नका, इतर वाचकांनाही दाखवू नका. त्याच दिवशी मार्गदर्शक शिक्षकांकडे किंवा शाळेच्या समुपदेशकांकडे द्या. अंक थांबला तरी चालेल.

निवड न झालेल्या प्रत्येकाला एक ओळ लिहून द्या आणि ती त्याच्याच लिखाणाबद्दल असू द्या. ‘दुसऱ्या कडव्यातली सायकलची घंटा ऐकू आली, तिसऱ्यात मात्र उपदेश सुरू झाला’ एवढं पुरतं. पुढच्या वर्षीचे लेखक या ओळींमुळे टिकतात.

टप्पा ६: संपादन

संपादक कापू शकतो, क्रम सुचवू शकतो, प्रश्न विचारू शकतो. नवीन वाक्यं त्याने घालायची नाहीत. नवीन वाक्य हवंच असेल तर समासात प्रश्न लिहा (‘आजोबा इथे गप्प का झाले?’) आणि लेखकाला लिहू द्या. उत्साही संपादक सगळ्या कथा आपल्याच भाषेत उतरवतात आणि अंक एकाच माणसाने लिहिल्यासारखा वाचला जातो. मुलांच्या लिखाणातली घरची बोली, त्यांच्या वयाचे शब्द जपून ठेवा. संवादातली बोली प्रमाण करू नका.

कापण्याची पहिली जागा सुरुवात आणि शेवट. शालेय कथेचा पहिला परिच्छेद बहुधा प्रस्तावना असतो आणि शेवटचा बोध. दोन्ही झाकून वाचून पाहा. कथा उभी राहत असेल तर लेखकाला तसं दाखवा आणि निर्णय त्याच्यावर सोडा.

वर्गमित्रांची टोपणनावं, शरीरावरून किंवा जातीवरून केलेले विनोद, शिक्षकांच्या लकबी लेखकाने हसत लिहिल्या तरी काढा. ज्याच्यावर विनोद आहे त्याच्या घरी हा अंक वर्षानुवर्षं राहणार असतो. मुलांची छायाचित्रं छापायची असतील तर पालकांची लेखी संमती आताच मागा.

तपासा: संपादित मजकुराच्या छापील प्रतीवर लेखकाची सही. सही नसलेला मजकूर मांडणीला जात नाही.

टप्पा ७: मांडणी

मुख्य फाइल एकाच व्यक्तीकडे. बाकीच्यांनी दुरुस्त्या कागदावर लिहून द्यायच्या. दोन संगणकांवर दोन ‘अंतिम’ फाइली तयार झाल्या की दुरुस्त झालेल्या चुका परत येतात.

मांडणी सुरुवातीपासून ए-५ पानावरच करा. ए-४ वर १२ पॉइंटात टाइप करून मग ए-५ ला बसवलं की ते लहान होऊन मूळच्या ७१ टक्के उरतं आणि अक्षर साडेआठ पॉइंटांवर येतं. पडद्यावर छान दिसलेला अंक हातात आल्यावर वाचवत नाही, त्याचं कारण बहुतेकदा हेच.

सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, घ्या. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांची खिचडी होते. युनिकोडमध्येही दोन ठिकाणी नजर ठेवा. ‘वाऱ्याची’, ‘दुसऱ्या’ यांतला ऱ्य इकडून तिकडे चिकटवताना ‘वार्याची’, ‘दुसर्या’ होतो. आणि ‘वाङ्मय’ या शब्दात ङ आहे, त्याला हलन्त आणि पुढे म. टाइप करणारे तिथे ड घालून ‘वाड्मय’ करतात, आणि तो शब्द मुखपृष्ठावर सगळ्यांत मोठ्या अक्षरात असतो.

छायाचित्र १०० मिलिमीटर रुंद छापायचं तर ते सुमारे १२०० पिक्सेल रुंद हवं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके पडतात. मोबाइलवरच्या संदेशातून साधा फोटो म्हणून आलेलं चित्र आकुंचित झालेलं असतं. ते फाइल म्हणून मागवा.

दोन पानांची कविता डाव्या, म्हणजे सम क्रमांकाच्या पानावर सुरू करा. दोन्ही पानं समोरासमोर येतात आणि कविता पान उलटताना तुटत नाही. कागदाच्या कडेपर्यंत जाणारी चौकट काढू नका. बहुतेक यंत्रं कडेचे चार-पाच मिलिमीटर छापतच नाहीत.

टप्पा ८: मुद्रितशोधन, तीन फेऱ्या, कागदावर

पडद्यावर प्रुफं तपासू नका. छापून घ्या.

पहिली फेरी दोघांनी मिळून: एक मूळ प्रत मोठ्याने वाचतो, विरामचिन्हांसकट, दुसरा प्रुफावर लाल पेनाने खुणा करतो. दुसऱ्या फेरीत फक्त लाल खुणा उतरल्या का आणि दुरुस्तीमुळे ओळी पुढच्या पानावर सरकल्या का, एवढंच पाहायचं, निळ्या पेनाने. तिसऱ्या फेरीत मजकूर वाचूच नका. शीर्षकं, लेखकांची नावं, इयत्ता, पानांचे क्रमांक, अनुक्रमणिका, मुखपृष्ठ एवढंच. मोठ्या अक्षरातली चूक डोळा सोडून देतो, म्हणून या फेरीला माणूसही नवा द्या. नावं वर्गाच्या हजेरीपटाशी ताडून पाहा. आपलं नाव चुकीचं छापलेलं पाहिलेल्या मुलाला बाकीचा अंक कसा आहे याने फरक पडत नाही.

अंकभर एकच लेखनपद्धत ठेवा. ‘विद्यार्थिमंडळ’ जोडून लिहिलं तर नियमाने थि ऱ्हस्व, सुटं लिहिलं तर ‘विद्यार्थी मंडळ’. दोन्हींपैकी एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच चालवा. ‘की’ दीर्घ, ‘आणि’ ऱ्हस्व.

सावध: ‘कि’ शोधून सगळीकडे ‘की’ करण्याची आज्ञा संगणकाला देऊ नका. ‘किती’चं ‘कीती’ आणि ‘किल्ला’चं ‘कील्ला’ होतं, आणि तेही एका क्षणात ३२ पानांवर.

टप्पा ९: छपाई

फाइल पीडीएफ करा, फॉन्ट आतच बसवलेले असू द्या, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. पानं १ ते ३२ अशा सरळ क्रमात असावीत. छापताना ‘बुकलेट’ पर्याय निवडला की पानांची जोडणी आपोआप होते. काही जण आधी हाताने ३२-१, २-३१ असा क्रम लावतात आणि वर बुकलेटही निवडतात. मग दुहेरी उलटापालट होऊन कोणतंच पान जागेवर राहत नाही.

दोन्ही बाजूंना छापताना कागद आखूड बाजूवर उलटण्याची निवड करा. लांब बाजूवर उलटला तर मागचा मजकूर उलटा येतो.

आधी एकच प्रत छापा. घडी घाला आणि पाहा: प्रत्येक बाजूवरच्या पानांची बेरीज ३३ येते का, विषम पानं उजवीकडे आहेत का, मागचा मजकूर सुलटा आहे का, घडीत अक्षरं अडकत नाहीत ना, चित्रं काळवंडली नाहीत ना. ही प्रत मार्गदर्शक शिक्षकांच्या सहीनेच पुढे जाईल. तिथून पुढे मजकुरात बदल नाही, कोणाच्याही सांगण्यावरून.

टप्पा १०: घडी आणि शिलाई

यंत्राने प्रतींनुसार कागद लावून दिले नसतील तर आठ ढीग टेबलावर ओळीने मांडा आणि प्रत्येक प्रतीसाठी ढिगांवरून एकेक कागद उचलत जा. सगळ्यांत आतला कागद वर राहिला पाहिजे.

घडी पट्टीच्या कडेने दाबून घाला. जाड मुखपृष्ठावर आधी बोथट टोकाने रेघ ओढून घ्या, नाहीतर घडीवर शाई तडकते. तरीही कागद चिरत असेल तर तो तंतूंच्या आडव्या दिशेने कापलेला आहे. दुसरा गठ्ठा पाहा.

साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही, कारण कडेपासून घडी जवळजवळ १४९ मिलिमीटर आत असते. लांब हाताचा स्टेपलर घ्या, किंवा खाली थर्मोकोल ठेवून स्टेपलर उघडा करून पिन मारा आणि आतून तिचे पाय पट्टीने दुमडा. वरून व खालून पाच-पाच सेंटिमीटरवर एकेक पिन, पाठ बाहेर, पाय आत.

दोऱ्याची शिलाई जास्त टिकते. घडीवर तीन भोकं पाडा. सुमारे ६० सेंटिमीटर दोरा घ्या. मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत आणा, आतल्या बाजूने थेट खालच्या भोकाशी नेऊन बाहेर काढा आणि मधल्या भोकातून परत आत आणा. दोन्ही टोकं आतल्या लांब दोऱ्याच्या दोन बाजूंना आली की त्यावर गाठ मारा. दोन्ही टोकं एकाच बाजूला राहिली तर गाठ बसत नाही, दोरा सुटतो.

टप्पा ११: वाटप आणि सुपूर्द

पहिल्या पाच प्रती बाजूला काढा: ग्रंथालयाला दोन, वाङ्मय मंडळाला दोन, विद्यार्थी मंडळाला एक. त्यानंतर प्रत्येक लेखकाला आणि चित्रकाराला एक, उरलेल्या वर्गप्रतिनिधींमार्फत, वर्गवार संख्या लिहून आणि सही घेऊन. लेखकांना त्यांची प्रत इतरांआधी मिळू द्या.

आठवड्याच्या आत विद्यार्थी मंडळाला हिशोब द्या: मंजूर रक्कम, प्रत्यक्ष खर्च, पावत्या, उरलेला कागद. मग एक पाकीट तयार करा. त्यात डमी, नोंदवही, संमतीपत्रं, मुख्य फाइल, पीडीएफ आणि छापून झाल्यावर सापडलेल्या चुकांची यादी ठेवा. पाकीट मार्गदर्शक शिक्षकांकडे द्या आणि पुढच्या वर्षीच्या कार्यवाहाची निवड झाली की त्याच बैठकीत ते त्याच्या हातात जाईल अशी नोंद इतिवृत्तात करा.